बाबांच्या पत्त्यावर जाणारे मेल

बाबांचं बारावं उरकून मी डिचोलीला परत कामावर बसले, त्या सकाळी सर्व्हरने नेहमीप्रमाणे आदल्या दिवसाचा लॉग पाठवला. लॉग म्हणजे साइटवर कोण आलं, कुठे काय अडलं, याची यंत्राने आपली आपण केलेली नोंद. त्यात एक ओळ होती: पासवर्ड बदलायची लिंक मागितली, मेल गेला, लिंक उघडली नाही. मी मागचे लॉग काढले. तिथेही तीच ओळ. बाबांचे दिवस सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, एकच माणूस लिंक मागत होता आणि एकदाही ती उघडत नव्हता. खातं आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीतल्या, काकीचं होतं.

रडून रडून डोळे सुजलेले, त्यात हे. मला आधी रागच आला. मी मुळातच तापट आहे आणि या धंद्यात आल्यापासून जास्तच झाले. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण ज्याने कधी बनवलंय त्यालाच त्याचा ताप माहीत. दिसायला दोन शब्द. पण त्यामागे माणसाने आपला मेलचा पत्ता लिहायचा, प्रोग्रामने तो शोधायचा, टोकन नावाचा एक लांबलचक गुप्त आकडा तयार करायचा, तो लिंकमध्ये घालून मेल करायचा आणि मुदतीत लिंक उघडली तरच नवा पासवर्ड घेऊ द्यायचा. हे सगळं फ्रेमवर्क आयतं देतं म्हणतात. फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडा, भिंती तेवढ्या आपण घालायच्या. पण तयार सांगाड्याचं दारही आपल्या गावच्या माणसांना सरळ उघडेल तर शपथ.

काकी माझ्या नात्यातली नव्हे. पेडण्यातल्या आमच्या गावात बाबांचा पसरो होता, म्हणजे किराणा दुकान. पसऱ्याच्या मागून एक वाट चढणीला लागते, तिच्या शेवटी काकीचं घर. नवरा तरुणपणीच गेला. एकुलता मुलगा बोटीवर. वास्कोला जाऊन बोट धरली की महिनोन्महिने त्याचं तोंड दिसत नाही. सून मुलांच्या शाळेसाठी म्हापशाला राहते. मुलाने आईला एक लॅपटॉप आणून दिला होता, नेटची काडी लावून. काकी त्यावर क्रोशाचं झाकण घालून ठेवी. मुलगा बंदराबंदरातून आमच्या साइटवर फोटो टाकी, चार ओळी लिही, आणि काकी चष्मा पुसून पुसून ते बघे. ती साइट उघडली नाही तर म्हातारी त्या घरात पार एकटी पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून राग गिळून मी बिघाड शोधायला बसले.

ती साइट मी बनवलेली. म्हणजे बाबांनी बनवायला लावलेली.

मी लहान असताना, गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमाराला, आमच्या वाड्यावर पोस्टमन चढण चढून यायचाच नाही. सगळ्या वाड्याची पत्रं तो पसऱ्यावर टाकून पुढच्या गावाला जाई. आखातातली पत्रं, बोटीवरची पत्रं, मुंबईच्या मनीऑर्डरी. बाबा ती बरण्यांमागे लावून ठेवत. चिंचेच्या बरणीमागे एका घराची, बिस्किटांच्या बरणीमागे दुसऱ्याची, साखरेच्या मागे काकीची. संध्याकाळी पसऱ्याला फळ्या लावल्या की ती पत्रं घेऊन ते दारोदार जात. ज्याला वाचता येत नसे त्याला वाचून दाखवत, च्या घेत, दोन घडी बसत. कुणाचं पाकीट त्यांनी कधी आधी फोडलं नाही. मराठी की कोंकणी यावरून त्या वर्षांत पसऱ्यासमोर रोज रण माजायचं, एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी माणसं तिथे तावातावाने भांडायची, आणि भांडून झालं की दोघंही तोच प्रश्न विचारत, “पसरकारा, माझां काय इलां काय?”

मग मोबाईल आले आणि पत्रं थांबली. बरण्या राहिल्या, त्यांच्यामागे काही नाही. त्याच सुमाराला आई गेली. दादा वास्कोला बंदरात नोकरीला होता, मी लग्न करून डिचोलीला. बाबांना आम्ही दोघांनीही बोलावलं, पण पसरो सोडून यायला ते तयार होईनात. एकदा मी गेले तेव्हा साबणाची खोकी पुसता पुसता म्हणाले, “बाय, तुमच्या त्या कंप्युटरात पत्रां येयत असां कायतरी कर मगे.”

मी केलं. ऑफिसात वापरते त्याच फ्रेमवर्कवर. आमचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माडीवर होतं. खाणी चालू असताना खालून लोखंडाच्या मातीचे ट्रक धडधडत जायचे, टेबलावरचा चहा हिंदकळायचा. नंतर खाणी बंद पडल्या, खालचं दुकान ओस पडलं, आणि मला गावची साइट बनवायला भरपूर शांतता मिळाली. प्रत्येक घराला एक खातं. बाहेर असलेल्यांनी फोटो, निरोप टाकायचे, घरच्यांनी बघायचे. देवळाच्या कमिटीसमोर ठेवली तर पहिला वाद भाषेवरच. बटणं मराठीत हवीत का कोंकणीत? एक जण तर उठून चालू लागला. बाबांनी त्याला शर्टाला धरून बसवला. “आधी पत्र येवंदी,” म्हणाले, “मगे खंयच्या भाशेत वाचूचां तां बघया.” बटणं मराठीत राहिली. त्या गृहस्थाने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं, ते एका परीने बरंच झालं.

पहिल्याच आठवड्यात पासवर्डाचं रडगाणं सुरू झालं. गावची माणसं दिवा मालवावा तशी प्रत्येक वेळी नेमाने लॉगआउट करत, आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड विसरत. बाबांचा फोन आला. लिंक उघडत नाही. मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी ती एकेक अक्षर करत वाचली आणि माझ्या ध्यानात आलं की फ्रेमवर्कने साइटच्या पत्त्याऐवजी माझ्या स्वतःच्या मशीनचा पत्ता घातलाय. नवीन असताना ते तसंच करतं, कुठे राहतो ते त्याला सांगावं लागतं. मी सुधारलं. बाबा म्हणाले, “म्हणजे वाड्यार सगळ्यांक तू तुझ्याच घराक धाडी होतंस.”

पुढचं दुखणं मुदतीचं. लिंक तासाभरात मरायची. बाबांची तक्रार की लिंक शिळी होते. तासभर पुरत नाही म्हणजे काय, मी विचारलं, मेल आला की लगेच उघडायचा. ते म्हणाले, मेल दुपारी येतो आणि ते पोचतात संध्याकाळी. पोचतात? कुठे पोचतात? मला समजेना. मग मी खातेदारांची यादी उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला.

वाड्यावरच्या निम्म्याहून जास्त घरांचा मेलचा पत्ता एकच होता, बाबांचा. म्हाताऱ्यांना कुठला आलाय मेल? त्यांची खाती बाबांनीच उघडून दिली होती, आणि पत्त्याच्या जागी आपला पत्ता घातला होता. एकच पत्ता दोनदा माझी साइट घेत नाही, हा नियम मी स्वतः घातलेला. पण बाबांना कधीतरी चुकून शोध लागला होता की त्यांच्या मेल कंपनीला पत्त्यातल्या टिंबाशी काही देणंघेणं नाही. टिंब कुठेही मारा, मेल त्यांच्याच डब्यात पडतो. माझ्या साइटला मात्र टिंब हललं की नवीन माणूस वाटतो. तेव्हा बाबांनी दर घराला आपल्या पत्त्यातली एकेक जागा नेमून दिली होती. एकाचं टिंब दुसऱ्या अक्षरानंतर, एकाचं चौथ्या, काकीचं शेवटच्या अक्षराच्या अलीकडे. कुठलं टिंब कुणाचं हे त्यांना तोंडपाठ, बरण्यांसारखंच.

मी फोनवर तडतडले. ही सुरक्षितता म्हणजे काय ते समजावलं, एका माणसाच्या हातात सगळ्या गावच्या किल्ल्या कशा नकोत ते सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “पत्रां पयलीय माझ्याकडेच येयत. कोणाचां फोडलंय काय कधी?”

मी मुदत एका दिवसाची करून दिली.

त्यांची रीत अशी बसली होती. कोणी बटण दाबलं की लिंक बाबांच्या मेलमध्ये यायची. संध्याकाळी पसऱ्याला फळ्या लावून ते त्या घरी जात, तिथल्या कंप्युटरवर आपला मेल उघडत, लिंक दाबत, आणि नवा पासवर्ड लिहायची वेळ आली की कदेल, म्हणजे खुर्ची, फिरवून जनेलाकडे, खिडकीकडे, तोंड करून बसत. दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा नसतो, असं मीच एकदा त्यांना सांगितलं होतं. आता आमच्याकडची माणसं टाइप करताना मोठ्याने बोलतात, ते वेगळं. काकीचा पासवर्ड ‘सुंगटां एक दोन तीन’ आहे, सुंगटां म्हणजे कोळंबी, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं. बाबाच मला हसत हसत म्हणाले होते, “सगळ्यांक याद आसा, तिकाच याद रवना.”

“मग तुम्हीच सांगून टाका ना तिला,” मी म्हटलं, “रोज कशाला ती लिंक आणि खेपा?”

“छे. दुसऱ्याचो पासवर्ड आपण सांगूचो नाय.”

मी वैतागून फोन ठेवला. दर सकाळी लॉगमध्ये गावाच्या विसराळूपणाची जत्रा भरलेली असायची आणि मी ती नवऱ्याला वाचून दाखवायची. असा गाव बघितला नाही, म्हणायची. सकाळी जेवलेलं संध्याकाळी आठवतं का यांना?

बाबा गेले ते पसऱ्यातच. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या जागी. पावाची पाटी घेऊन आलेल्या पदेराने हाक मारली तर ओ नाही. दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. पुढचं मला नीट सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. बाबा होते तोवर मला वाटायचं की माझं मन घट्ट आहे. ते खोटं निघालं.

तर त्या सकाळी मी बिघाड शोधायला बसले. शिस्तीत, शिकवल्यासारखी. मेल पाठवणारी यंत्रणा चालू आहे का? आहे. टोकन तयार होतंय का? होतंय. मेल नको त्या कप्प्यात जाऊन पडतोय का? तसं दिसत नव्हतं, मेल मुक्कामी पोचल्याची पावती होती. मग उघडत का नाहीत? मी पाठवलेल्या मेलचा पत्ता बघितला. शेवटच्या अक्षराच्या अलीकडे टिंब.

माझी बोटं तिथेच थांबली. यादीत हे सगळं मी आधी बघितलेलं होतं, मला ठाऊक होतं, आणि तरी मी सकाळभर बिघाड शोधत होते. बिघाड काहीच नव्हता. सगळं अगदी नीट चाललं होतं. लिंका वेळच्या वेळी बाबांकडे जात होत्या.

तो डबा उघडावा असं वाटलं. निदान साचलेले मेल काढून टाकावे. पण बाबांचा मेलचा पासवर्ड ना मला माहीत, ना दादाला. मेल कंपनीच्या पानावर तेच बटण होतं, तिच्या भाषेत. दाबलं तर म्हणे तुमच्या मोबाईलवर अंक पाठवलाय. तो नंबर दादाने आठवड्यापूर्वीच बंद करून टाकला होता. त्याचं तरी काय चुकलं? वाजणार नाही असा फोन घरात ठेवून बघत कोण बसेल? मी त्या पानासमोर बसून राहिले. दुसऱ्यांच्या पासवर्डाची इतकी दारं मी उघडून दिली होती, आणि माझ्या बापाचं एक उघडता येईना. ऑफिसातली मुलं बघत होती तरी मला रडू आवरलं नाही.

मग तोंड धुऊन आले आणि माझ्या हातात होतं ते केलं. काकीच्या खात्यावरचा बाबांचा पत्ता काढून माझा घातला. पासवर्ड तिचा तोच, सुंगटां एक दोन तीन, नव्याने लावून दिला. लॉगआउट झालंच नाही पाहिजे अशी व्यवस्था केली. मग फोन लावला.

“काकी, आता बटण दाबूक नको. उघडलां की मुलाचे फोटो दिसतले. बघ बघूया.”

थोडा वेळ खुडखुड झाली. “दिसतत,” काकी म्हणाली. “बरां केलंस.”

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, माझ्या मेलमध्ये लिंक येऊन पडली. काकीने लिंक मागितली होती.

दुसऱ्या दिवशीही. मी फोन केला. चालत नाही का? चालतं, म्हणाली. फोटो दिसत नाहीत? दिसतात. मग बटण का दाबलंस? त्यावर ती पलीकडून मला विचारते, जेवलंस काय? तिसऱ्या दिवशी परत लिंक. मी सगळा प्रोग्राम खालपासून वरपर्यंत तपासला. ते बटण आपोआप तर दाबलं जात नाही? पण लॉग स्पष्ट होता. आत असलेली काकी रोज संध्याकाळी आपणहून लॉगआउट करत होती, आणि मग ‘पासवर्ड विसरलात?’ दाबत होती. म्हातारीचं डोकं चळलं, असंच मला वाटलं. मुलाला कळवावं लागणार. बोटीवरच्या माणसाला अशी बातमी कशी द्यायची याचीच मला धास्ती पडली. कळवण्याआधी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून रविवारी निघाले.

म्हापशाला बस बदलून पेडण्याची धरली. गावात उतरले तर समोरच पसरो, फळ्या लावलेला, वर नवं कुलूप. रविवारी संध्याकाळी त्या फळ्या अर्ध्याच लावलेल्या असायच्या, मी येणार असले की बाबा दिवा लावून वाट बघत. मी तिकडे न बघता मागच्या वाटेने चढण चढले.

काकी दारातच होती. केस विंचरलेले, लुगडं धुवट, डोळे स्वच्छ. चळलेलं काही दिसेना. आत टेबलावर लॅपटॉप उघडा, बाजूला दोन पेले, बशीत पदेराकडचे दोन उंडे, गोल कडक पाव. एक कदेल लॅपटॉपसमोर, दुसरी जनेलाकडे तोंड करून. मी येते आहे हे मी तिला कळवलं नव्हतं.

“कोण येवचां आसा?” मी विचारलं.

“कोण येतलां आता? तू इलंस मगे. बस.”

तिने मला जनेलाकडची कदेल दाखवली. मी बसले. च्या गोड केला होता, बाबांना लागायचा तसा. मी म्हटलं, “काकी, सगळां चलता मगे. तू बटण कित्याक दाबतंस रोज? तुका खराच पासवर्ड याद नाय?”

तिने चष्मा लावला. लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी निमूटपणे बाबा करायचे तेच केलं. माझा मेल उघडला, तिने मघाशीच मागितलेली लिंक दाबली, नवा पासवर्ड मागणारं पान समोर आलं. “घाल,” मी म्हटलं आणि जनेलाकडे तोंड केलं. खाली चढणीची वाट दिसत होती आणि वाटेच्या तळाशी पसऱ्याची कौलं.

मागे एकेक कळ वाजू लागली. आणि तिचा आवाज, कुठे न अडखळता, रोजची आरती म्हणावी तसा. “सुंगटां… एक… दोन… तीन.”

मी गर्रकन वळले. “काकी! तुका याद आसा!”

“माझो पासवर्ड माका याद नसतलो?” तिने चष्मा काढला. “आमका सगळ्यांक आपापलो याद होतो गो बाये.”

मग ती सावकाश सांगू लागली, उंडा हातात धरून, न खाता.

“तुझी आवय गेली तेच्या मगे तुझो बापूस फळयो लावून भितर काळोखात बसान रवायचो. घराक जावक तेका नको जाय. पत्रां बंद झाली. आता कोणाच्या दारात जावचां तां कित्या निमतान? उगीच च्या पियूक कोणाकडे जायत असो माणूस न्हय तो. एकदां माका खराच पासवर्ड याद येय नाय. मी बटण दाबलां. तो इलो. लिंक उघडल्यान, च्या घेतल्यान, हंयच बसलो, तुझ्या आवयच्यो गजाली सांगितल्यान. जाताना हसान म्हणता, वयनी, परत विसार हां. हसान म्हणालो, पण माका कळलां. दुसऱ्या दिसा मी नळार सगळ्यांक सांगितलंय. मगे आमी पाळी लावन विसारी होतंव. आज हेच्या घरचो, फाल्यां तेच्या. तेका एक घर जाय होतां सांजेचां.”

“बाबांक ठावक होतां?”

“ठावक नाय कसां? मी पाठीमागे मोठ्यान म्हणतंय, तो आयकता. दर खेपेक तोच पासवर्ड.”

मी तोंड परत जनेलाकडे फिरवलं. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण आवाज लपत नाही. वर्षानुवर्षं दर सकाळी ज्या ओळी वाचून मी हसले, चिडले, त्या गावाच्या विसराळूपणाच्या नव्हत्या. माझा बाप संध्याकाळी एकटा पडू नये म्हणून अख्खा वाडा आलटून पालटून विसरत होता. आणि मी त्याची लेक, रोज ते वाचत होते. आई गेल्यावर बाबांना पसऱ्यात किती एकटं वाटत होतं हे नळावरच्या बायकांना कळलं. फोनवर मी त्यांच्याशी टिंबांवरून वाद घालत होते.

“बाकीच्यांनी सोडलां,” काकी माझ्या पाठीमागून म्हणाली. “तां बरोबर आसा. गेलो तो गेलो. पण माका सांज झाली की रवाक येना. हाताचां बोट त्या बटणारच जाता. दाबतंय, च्या ठेवतंय, मगे बसतंय. येवचो नाय तां माका कळता गो. मी काय पिशी नाय.”

तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. काळोख पडायच्या आधी शेवटची बस होती, तिने मला एक उंडा कागदात बांधून दिला.

सोमवारी संध्याकाळी लिंक आली नाही. मंगळवारी लॉग उघडला, त्या खात्याची एक ओळ नव्हती. बुधवारीही नाही. बिघाड दुरुस्त झाला होता, आणि मला तो कोरा लॉग बघवेना. बारा दिवस मी इतकं रडले, पण बाबा खरोखरच गेले हे मला त्या बुधवारी कळलं. गुरुवारी मी काकीला फोन लावला.

“काकी, दाबूक नाय तू?”

“कित्याक गो? तुका उगीच त्रास. तुझां काम आसता.”

“दाब,” मी म्हटलं. “आयतवारी येतंय मी.”

काकी म्हणाली, “उंडे हाडून ठेवतंय.”

थोड्या वेळाने मेल आला. मी तो उघडला नाही. लिंकेची मुदत एका दिवसाची होती, ती मी वाढवून रविवार ओलांडेल इतकी केली. ऑफिसातल्या मुलाने ते बघितलं आणि म्हणाला, मॅडम, इतकी मुदत धोक्याची आहे, पुस्तकात मिनिटांत ठेवायला सांगतात. तो बरोबरच बोलत होता. मी त्याला म्हटलं, आमच्या गावात पोचायला वेळ लागतो, राहू दे.

रविवारी मी गेले. च्या गोड होता. लिंक अजून चालू होती. मी ती दाबली, कदेल फिरवली आणि जनेलातून खाली पसऱ्याच्या कौलांकडे बघत, काकी मोठ्याने म्हणते ते ऐकत बसले.